पंख्याची घरघर आणि आजीनं हळूच घेतलेलं नाव: आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर कसं निवडलं

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा पडेल, असं बऱ्याच जणांनी कळवलं. आकडे आहेत, सॉफ्टवेअरची नावं आहेत, गाडी चालवताना ते डोक्यात राहत नाही. म्हणून बोललेलं जवळपास तसंच इथं उतरवलंय. माझे "म्हणजे बघा ना" तेवढे कमी केलेत.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच.

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात एका आजींचं रेकॉर्डिंग केलं होतं. वय पंच्याऐंशीच्या पुढं. १९४८ च्या सप्टेंबरात, म्हणजे पोलीस अॅक्शनच्या आधीच्या दिवसांत, त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. रात्री जोंधळ्यात लपणं, घरातली भांडी पुरून ठेवणं, काही घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघून गेली ते, असं सगळं त्या सांगत होत्या. मे महिना, वर पत्रे, खोलीत एक जुना टेबलफॅन. पंखा बंद करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या वयाच्या माणसाला घामाघूम करून मुलाखत घ्यायची का? घेतली तशीच.

घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर, खाली बारीक "हम्म", मध्ये एकदा ट्रॅक्टर गेलेला, आणि आजी हसल्या तिथं आवाज फाटलेला. मी ती फाईल एका ऑनलाइन एआय सेवेत टाकली. नाव घेत नाही, मुद्दा त्या कंपनीचा नाही. एक बटण दाबलं आणि दोन मिनिटांत फाईल तयार. ऐकून मी तर खूशच झालो, स्टुडिओत बसून बोलल्यासारखा आवाज! पंखा गायब, ट्रॅक्टर गायब. एपिसोड बांधला आणि आधी घरच्यांना ऐकायला पाठवला.

मधल्या काळात आजी गेल्या होत्या.

नातवाचा फोन आला. म्हणाला, "दादा, आवाज लई साफ झालाय. पण आमची आजी अशी बोलत नव्हती. आणि मामाचं नाव कुठं गेलं?"

त्याच्या वडिलांचे मामा, म्हणजे आजींचा थोरला भाऊ. त्या दिवसांत घरातून गेला तो परत आला नाही. आजींनी त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, एकदम खालच्या आवाजात, श्वासावर घेतल्यासारखं. समोर बसून मी ते ऐकलं होतं. साफ केलेल्या फाईलमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. नुसती स्वच्छ शांतता. मशीनला ते नाव पंख्याच्याच जातीचं वाटलं आणि त्यानं ते झाडून टाकलं. मग बारकाईनं ऐकत गेलो, तर "जोंधळ्यात" चं "जोंधल्यात" झालेलं, "पाणी" कुठं कुठं "पानी". आजींचा ळ खणखणीत होता हो!

मूळ फाईल रेकॉर्डरच्या कार्डात शिल्लक होती म्हणून वाचलो. त्या आठवड्यात ते कार्ड मी पुसणारच होतो.

त्यानंतर तीन-चार महिने फावल्या वेळात हाच अभ्यास केला. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा प्रश्न मुळात अर्धाच असतो. कशासाठी चांगलं, आणि ते किती खातं, हे आधी विचारायला पाहिजे.

थोडं आतलं सांगतो.

आवाज बिघडण्याच्या जाती वेगवेगळ्या, आणि औषधंही वेगवेगळी. पंख्याची घरघर एकसारखी चालते, सगळ्या पट्ट्यात पसरलेली असते. खालचा "हम्म" विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० वर असतो आणि त्याची पिल्लं १००, १५०, २००, २५० अशी वर चढत जातात. बायकांच्या बोलण्याचा पायाचा सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे हमची दोन पिल्लं थेट आजींच्या आवाजातच बसलेली. तिथं रुंद कात्री लावली की आवाज कोरडा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कात्री सुईसारखी अरुंद लागते. डी-हम नावाचं जे काम असतं ते एवढंच: त्या ठरावीक रेषा, बारीक बारीक, कापायच्या. हे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर बरं करतं, कारण शत्रूचा पत्ता आधीच माहीत असतो.

पसरलेली घरघर काढायची जुनी पद्धत म्हणजे वजाबाकी. कुणी बोलत नसतानाचा पंख्याचा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा, त्यावरून ते पंख्याचं चित्र बनवतं आणि सगळ्या फाईलमधून तेवढं वजा करतं. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये बोलण्याच्या आवाजासाठी ही पद्धत मांडली, आणि आजही फुकटच्या ऑडॅसिटीतलं नॉईज रिडक्शन त्याच घराण्यातलं आहे. तिचा दोषही तितकाच जुना. जास्त वजा केलं की मागं चिमुकल्या शिट्ट्या उरतात, माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. कंजूषपणा केला तर मात्र ही पद्धत प्रामाणिक आहे. ती नवीन काही बनवत नाही, फक्त काढते.

एआयवाली पद्धत वेगळी. तिला हजारो तास स्वच्छ आणि घाण आवाजांच्या जोड्या दाखवलेल्या असतात. त्यावरून बोलणं कुठलं, बाकीचं कुठलं, हे ती ठरवते. यातही दोन प्रकार आहेत आणि हा फरक फार कमी ठिकाणी सांगितला जातो. एक प्रकार चाळणीसारखा: मूळ आवाजातलाच भाग ठेवतो किंवा दाबतो. दुसरा प्रकार आवाज नव्यानं घडवतो. तुमचं ऐकून, "हा माणूस स्टुडिओत असता तर असा ऐकू आला असता" असं समजून पुन्हा बोलून दाखवतो. अंदाजाची जागा आली की तो त्याला सवयीचं तेच बोलणार. जिथं ळ आणि ल मध्ये शंका, तिथं त्याला जास्त ओळखीचा असेल तो. जाहिरातीच्या व्हॉइसओव्हरला चालेल. जिचं बोलणं आता पुन्हा मिळणार नाही अशा बाईसाठी मला तरी चालणार नाही.

आता निवड कशी केली ते.

इथं मला आपल्या औंढ्याची मदत झाली, खरंच. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहतंय हे तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहून लहान हालचाल मोजायची. म्हणजे ही मंडळी जगातली सगळ्यात मोठी "आवाज साफ करणारी" मंडळी. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांना पहिला गुरुत्वीय तरंग सापडला, तो सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. साधारण ३५ हर्ट्झपासून २५० पर्यंत चढत गेलेला, म्हणजे माणसाच्या कानाच्या पट्ट्यातला. स्पीकरवर लावला तर "व्हूप" असा ऐकू येतो. तिकडं त्यांना विजेच्या ६० हर्ट्झच्या रेषेशी झगडावं लागतं, इकडं ५० ची असेल. आमचा शत्रू एकच!

त्यांच्या दोन गोष्टी मी उचलल्या. पहिली, ते मूळ मापाशेजारी गोंगाटाचीही वेगळी मापं ठेवतात. जमीन किती हलली, वीज कशी होती, यासाठी वेगळे सेन्सर. गोंगाट वेगळा माहीत असला की तो ओळखता येतो. आपल्यासाठी याचा अर्थ: मुलाखत सुरू होण्याआधी कुणी न बोलता तीस सेकंद खोलीचा आवाज घ्या. पंखा चालू ठेवूनच. हे मी आधी करत नव्हतो, आता विसरत नाही.

दुसरी गोष्ट भारी आहे. आपली पद्धत खरी चालते का, हे बघायला ते गुपचूप खोटा संकेत यंत्रात सोडत. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक सोडला होता, त्याला "बिग डॉग" असं टोपणनाव पडलं. शास्त्रज्ञांनी महिनोनमहिने विश्लेषण केलं, पेपर लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडल्यावर कळलं की तो आपल्याच माणसांनी सोडलेला होता. उत्तर आधी माहीत असलेली परीक्षा.

मग मीही तशी परीक्षा बनवली. रात्री अकराला, पंखा आणि फ्रिज बंद करून, आईला बोलायला बसवलं. पाच मिनिटं. ळ, ण, ठ, ढ असलेले शब्द मुद्दाम: काळोख, जोंधळा, कणगी, वैरण, ओढा, उन्हाळ्याचं वाळवण. "चार" मधला च आणि "चांदणं" मधला च, दोन्ही. मधे काही वाक्यं एकदम हळू, एक दोन ठिकाणी हसणं, एकदा खोकला. मग तोच टेबलफॅन वेगळा रेकॉर्ड केला. पत्र्याच्या खोलीतला, आणि बाहेर हळद पॉलिशचा ड्रम फिरतानाचा आवाजही घेतला. मार्चमध्ये आमच्याकडं तो कुठं ना कुठं चालूच असतो. हे सगळं आईच्या स्वच्छ आवाजात मिसळलं, बोलण्यापेक्षा १५ डेसिबल खाली. आता माझ्याकडं घाण फाईल होती आणि तिचं खरं उत्तरही होतं. प्रत्येक सॉफ्टवेअरमधून काढायची आणि मूळ स्वच्छ आवाजाशी ताडून बघायची. आई म्हणाली, "मी काय पेपर हाय का तपासायला?" होतीच.

ऐकायची पद्धत महत्त्वाची. साफ झालेली फाईल ऐकायची नाही, काढलेला कचरा ऐकायचा. ऑडॅसिटीत त्याला रेसिड्यू म्हणतात, आयझोटोप आरएक्समध्ये "आउटपुट नॉईज ओन्ली" असा पर्याय असतो. ज्यात हा पर्याय नाही, त्यात मूळ फाईलमधून साफ फाईल उलटी करून मिसळली तरी फरक उरतो, अर्थात सॉफ्टवेअरनं वेळ मागंपुढं सरकवला नसेल तर. कचऱ्यात फक्त घरघर ऐकू आली तर ठीक. कचऱ्यात माणूस बोलताना ऐकू आला, अगदी कुजबुजला तरी, तर तेवढा माणूस तुम्ही फेकून देताय. तिथं थांबायचं, आकडा खाली आणायचा.

या परीक्षेतून काय निघालं ते माझ्या कामापुरतं सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर निकाल वेगळा येईल.

ऑडॅसिटी फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, इंटरनेट लागत नाही. एका दमात २४ डेसिबल काढू नका. ६ डेसिबल काढा, ऐका, हवं तर परत थोडं. फॅन आणि हमसाठी मला यानं ऐंशी टक्के काम भागतं असं वाटलं. ज्यांनी नुकती सुरुवात केलीय त्यांनी पैसे खर्च करायची घाई करू नये. इंटेलचे ओपनव्हिनो प्लगइन टाकले तर त्यात एआयचं नॉईज सप्रेशनही मिळतं, तेही आपल्याच मशीनवर चालणारं.

रीपर वापरत असाल तर त्यात रीएफआयआर आहे, त्याच्या सबट्रॅक्ट मोडमध्ये हीच वजाबाकी होते. सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं आणि साधं लायसन्स ६० डॉलरचं आहे.

आयझोटोप आरएक्स हे या धंद्यातलं मोठं नाव, २००७ पासून. तीन पायऱ्यांमध्ये येतं: एलिमेंट्स, स्टँडर्ड, अॅडव्हान्स्ड. डी-हम, डी-क्लिक, डी-क्लिप, व्हॉइस डी-नॉईज ही रोजची हत्यारं खालच्या पायरीतच आहेत आणि सेलमध्ये एलिमेंट्स बऱ्याच कमी किमतीत मिळतं. स्टँडर्डमध्ये खरा माल म्हणजे स्पेक्ट्रल रिपेअर. स्पेक्ट्रोग्राम हा आवाजाचा सातबारा समजा: आडवा वेळ, उभी पट्टी, आणि कुठल्या वेळी कुठल्या पट्टीवर कुणाचा कब्जा होता ते रंगात दिसतं. कोंबडा आरवला तर तो वर कमानीसारखा दिसतो. तेवढीच कमान निवडून दाबता येते, खालचं बोलणं जागचं हलत नाही. बसस्टँडवर, लग्नघरात, बाजारात रेकॉर्डिंग करणाऱ्यांना याचा उपयोग आहे. घरात बसून दोघं बोलणाऱ्या पॉडकास्टला खालची पायरी पुरते.

सिनेमावाल्यांकडं सीडर वापरतात. ती कंपनी १९८० च्या दशकात ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहाच्या आणि केंब्रिज विद्यापीठाच्या कामातून निघाली, म्हणजे जुन्या तबकड्या वाचवायच्या गरजेतूनच. किंमत आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून पुढं जातो. डा विंची रिझॉल्व्हमध्ये व्हॉइस आयसोलेशन आहे, पण पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच. व्हिडिओ करत असाल तर बघा.

ऑनलाइन सेवांमध्ये ऑफॉनिक महिन्याला दोन तास फुकट देतं, लेव्हल सारखी करायला सोयीचं आहे. ॲडोबीचं एनहान्स स्पीच अनेकांना माहीत आहे. पण ऑनलाइनबद्दल माझी एक अडचण आहे आणि ती नेटच्या स्पीडची नाही. (तीही आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मोनो फाईल तासाला ५२० एमबीच्या आसपास जाते. सेनगावकडच्या एखाद्या खेड्यातून ती चढवून दाखवा!) अडचण अशी की आजींनी मला बोलायची परवानगी दिली होती, कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर त्यांचा आवाज ठेवायची नाही. त्या जे बोलल्या त्यात गावातल्या माणसांची नावं होती. तेव्हापासून साक्षीचं, आठवणींचं रेकॉर्डिंग मी ऑनलाइन टाकत नाही. माझी स्वतःची प्रस्तावना खुशाल टाकतो.

आणखी एक, विकत घेताना. अॅक्युसोनस नावाची कंपनी होती, तिचं इरा बंडल पॉडकास्टवाल्यांत लोकप्रिय होतं, एक गोल बटण फिरवलं की काम झालं. २०२२ मध्ये मेटानं कंपनी घेतली आणि विक्री बंद झाली. म्हणून घेण्याआधी विचारा: लॅपटॉप फॉरमॅट केला आणि कंपनी नसली तर हे परत चालू होईल का? भाडं भरायचं बंद केलं तर जुने प्रोजेक्ट उघडतील का? आणि काहीही असो, काम झाल्यावर साधी डब्ल्यूएव्ही फाईल काढून ठेवा. ती उघडायला कुणाचं लायसन्स लागत नाही.

एका ताईंनी विचारलं होतं की त्यांच्याकडं आजीच्या ओव्यांची कॅसेट आहे, तिच्यातली जात्याची घरघर कशी काढायची. ताई, काढू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ पासून बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि आता पारीच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. तिथं थोडा वेळ ऐकत बसा. जातं ओढताना दम लागतो, तिथंच ओळ तुटते. दगडाच्या फेऱ्यावर लय असते. ते काढलं तर बाई कशासाठी थांबली तेच कळणार नाही. कॅसेटची स्वतःची सळसळ थोडी कमी करा, टेपच्या यंत्राचा हम काढा. जातं राहू द्या. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, त्याच्या दृष्टीनं दोन्ही घरघरच.

क्रम विचारला होता, तो पटकन सांगतो. आधी फाटलेला आवाज शिवायचा, म्हणजे डी-क्लिप. मग हम, मग टकटक, मग घरघर, शेवटी खोलीचा घुमारा, तोही अगदी थोडा. पत्र्याच्या घरातला घुमारा पूर्ण जात नाही, भांडू नका. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या वेळीच बाजेवर गोधडी टाका आणि माइक तोंडापासून वीतभर ठेवा. लेव्हल सगळ्यात शेवटी, पॉडकास्टला साधारण उणे १६ एलयूएफएस. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करत असाल तर बऱ्याच फोनचं अॅप स्वतःच आधी आवाज गाळतं, हळू बोललेलं तिथंच मरतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद होतं का बघा.

आता आजींच्या फाईलकडं.

मूळ फाईल परत घेतली. हसण्याच्या जागा शिवल्या. ५० ते २५० च्या पाच रेषा बारीक सुईनं काढल्या. पंखा फक्त ६ डेसिबल खाली आणला. ट्रॅक्टर स्पेक्ट्रोग्राममध्ये हातानं दाबला, तिथं दीड तास गेला. भावाचं नाव आहे ते तीन सेकंद सोडून दिले. तिथं काहीच केलं नाही, फक्त आवाज ४ डेसिबल उचलला. साहजिकच पंखाही तिथं थोडा वर येतो. कान असलेल्या माणसाला जोड कळेल. कळू दे.

नातवाकडं पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, तीन फाईल होत्या त्यात: मूळ, ही नवी, आणि लिहून काढलेला मजकूर. ओसरीवर बसून त्यानं आणि त्याच्या वडिलांनी हेडफोनचा एक एक कान लावून ऐकलं. नावाच्या जागेला वडिलांनी हात वर केला, मागं घ्या म्हणाले. तीनदा ऐकलं.

नातू म्हणाला, "पंखा येतोय दादा अजून."

मी म्हटलं, "येतोय. अजून काढू का?"

"नको, राहू द्या. तो पंखा हाय अजून आतमधी."

ती पूर्ण मुलाखत पुढच्या भागात येईल, घरच्यांनी परवानगी दिलेली आहे. हेडफोन लावून ऐका, एकोणिसाव्या मिनिटाच्या आसपास. आणि परीक्षेची ती घाण फाईल आणि तिचं उत्तर कुणाला स्वतःच्या सॉफ्टवेअरवर तपासायला हवं असेल तर कळवा, पाठवतो. आईची हरकत नाही, खोकला तेवढा काढा म्हणाली. तो काढलेला नाही.